शेजारच्या मुलाकडून डॉलर मागताना

माननीय हरुना इद्रिसू,
शिक्षणमंत्री, घाना प्रजासत्ताक,
आक्रा



हे पत्र मराठीत आहे आणि कुणीतरी त्याचे इंग्रजी करून ते आपल्या टेबलावर ठेवेल, अशी माझी भाबडी समजूत नाही. तरी ते आपल्याच नावाने लिहितो आहे, कारण ज्या निर्णयाबद्दल बोलायचे आहे तो आपल्या खात्याच्या हातात आहे. आणि मराठी वाचकांसमोर लिहितो आहे, कारण घानाने जो धडा गेल्या पंचवीस वर्षांत गिरवला, तो आमच्या पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांना अजून गिरवायचा आहे.

विषय आहे तुमच्या देशात शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांचा. या शतकाच्या सुरुवातीपासून ते साधारण 2015 पर्यंत त्यांची संख्या चढत गेली. आक्रा, कुमासी आणि केप कोस्टच्या वर्गांत नायजेरिया, टोगो, कोत दिव्हार, गॅबन, कॅमेरून इथली मुले दिसू लागली. खासगी विद्यापीठे निघाली, त्यांच्या आजूबाजूला वसतिगृहे उठली, खानावळी चालल्या. मग हा ओघ आटू लागला. त्याची बरीच कारणे आपल्या हाताबाहेरची होती, हे मी आधीच मान्य करतो. पण एक कारण घानाने स्वतःच्या हाताने तयार केले आहे. ज्या विद्यार्थ्याने तुमच्याच मुलांबरोबर एकाच मंडळाची परीक्षा दिली, जो व्हिसा न काढता बसने तुमच्या देशात येऊ शकतो, त्याला प्रवेशाच्या खिडकीपाशी तुम्ही परदेशी ठरवता आणि त्याच्याकडून डॉलर मागता. माझे म्हणणे एवढेच आहे की हे थांबवावे. पुढचे सगळे पत्र म्हणजे या एका मागणीची कैफियत आहे.

आधी थोडा इतिहास, कारण शिकण्यासाठी सीमा ओलांडणे ही तुमच्या भागात काही नवी गोष्ट नाही. सिएरा लिओनमध्ये फ्रीटाऊनला 1827 साली फुरा बे कॉलेज निघाले. पुढची कित्येक दशके उच्च शिक्षण हवे असलेल्या पश्चिम आफ्रिकी तरुणाला, मग तो गोल्ड कोस्टचा, म्हणजे आजच्या घानाचा, असो की लागोसचा, तेच जवळचे ठिकाण होते. आक्रातल्या लेगॉनचे विद्यापीठ त्यानंतर सुमारे एकशेवीस वर्षांनी, 1948 मध्ये सुरू झाले. तुमचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा हे स्वतः परदेशी विद्यार्थी होते. 1935 मध्ये ते अमेरिकेतल्या लिंकन विद्यापीठात दाखल झाले आणि दहा वर्षे तिकडे राहिले. परक्या देशात पैशाची चणचण सोसत शिकणे म्हणजे काय, हे ज्या देशाच्या संस्थापकाने अंगावर घेतले, त्या देशाला परदेशी विद्यार्थ्याची बाजू वेगळी समजावून सांगायची गरज पडू नये.

शेजाऱ्याच्या दारात उभे राहण्याची वेळ घानावरही आली होती. 1970 च्या दशकात तुमची अर्थव्यवस्था खचली आणि नायजेरियाला तेलाचा पैसा आला. तेव्हा तुमचे शिक्षक, प्राध्यापक, परिचारिका, गवंडी सगळे पूर्वेकडे निघाले. नायजेरियातल्या किती तरी शाळांत घानाचे शिक्षक गणित आणि इंग्रजी शिकवत होते. मग जानेवारी 1983 मध्ये नायजेरियाच्या शागारी सरकारने कागदपत्रे नसलेल्या परदेशी लोकांना देश सोडायला सांगितले आणि लाखो घानेयन चौकटीच्या स्वस्त पिशव्यांत संसार भरून परतले. त्या पिशव्यांना आजही त्या हकालपट्टीवरूनच ओळखले जाते. त्याआधी 1969 मध्ये घानानेही बुसिया सरकारच्या हुकमाने असेच केले होते आणि हाकललेल्यांत सर्वाधिक नायजेरियन होते. म्हणजे या दोन देशांनी एकमेकांना आसराही दिला आहे आणि बाहेरचा रस्ताही दाखवला आहे. हिशेब सारखाच सुटतो.

या पार्श्वभूमीवर शतक पालटताना प्रवाहाची दिशा बदलली, ही मोठीच घटना होती. नायजेरियन मुले घानाकडे का वळली? पहिले कारण संपाचे. नायजेरियातल्या सरकारी विद्यापीठांतल्या अध्यापकांच्या संघटनेने, असूने, वेतन आणि निधीसाठी वारंवार काम बंद केले. 2003 मध्ये जवळपास सहा महिने, 2009 मध्ये चार महिने, 2013 मध्ये जुलैपासून डिसेंबरपर्यंत, 2020 मध्ये टाळेबंदीच्या जोडीने नऊ महिने, 2022 मध्ये फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत आठ महिने. चार वर्षांचा अभ्यासक्रम सहा वर्षे चालणार असेल, तर परवडणारा बाप मुलाला दुसरीकडे पाठवणारच. दुसरे कारण जागांचे. तिकडच्या सामायिक प्रवेश परीक्षेला दरवर्षी पंधरा ते वीस लाख मुले बसत आणि बहुतेकांना जागा मिळत नसे. तिसरे कारण घानाचे स्वतःचे होते. 1992 ची राज्यघटना, 2001 मध्ये शांतपणे झालेला सत्ताबदल, वेळेवर सुरू होणारे आणि वेळेवर संपणारे सत्र. पालकाला हेच लागते.

आणि वाट सोपी होती. पश्चिम आफ्रिकी परीक्षा मंडळ 1952 मध्ये स्थापन झाले. त्याचे मुख्यालय आक्रामध्येच आहे. घाना, नायजेरिया, सिएरा लिओन, गॅम्बिया आणि लायबेरिया या पाच देशांतली मुले शालान्त टप्प्यावर याच मंडळाची परीक्षा देतात. गुणपत्रकाचे समतुल्यता प्रमाणपत्र काढण्यासाठी आमच्याकडे मुलांना जे खेटे घालावे लागतात, ते तिकडे जवळजवळ लागतच नाहीत. एकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेने 1979 च्या करारानुसार नव्वद दिवस व्हिसाविना राहण्याचा हक्क दिला. लागोसहून आक्राचा रस्ता साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. सेमेला बेनिन, हिला-कोंजीला टोगो, आफ्लाओला घाना. तीन सीमा ओलांडल्या, नाक्यांवरचे हात ओले केले, की मुलगा वसतिगृहात. फ्रेंच भाषक देशांतली मुले इंग्रजी शिकायला येत, मग त्यातली काही पदवीसाठी थांबत. 2002 नंतर कोत दिव्हारमध्ये यादवी पेटली, तेव्हा शिक्षण खंडित झालेल्यांना घाना जवळचा वाटला यात नवल नाही.

मंत्रीमहोदय, या सगळ्यात एक गोष्ट डोळ्यांत भरते. मुले आली त्यात घानाच्या गुणांचा वाटा होता, पण शेजाऱ्यांच्या अडचणींचा त्याहून मोठा होता. अडचणीमुळे जोडलेले गिऱ्हाईक अडचण संपली की जाते. अशा वेळी शहाणा माणूस गिऱ्हाइकाचा सोयरा करून घेतो. घानाने दर वाढवला.

तुमच्या सरकारी विद्यापीठांत स्थानिक विद्यार्थ्याचे शुल्क सेडी या तुमच्या चलनात असते आणि परदेशी विद्यार्थ्याचे डॉलरमध्ये जाहीर होते. दोन्हींतला फरक कित्येक पटींचा. खासगी विद्यापीठांनीही हाच पायंडा उचलला. शिवाय परदेशी नागरिकाला निवासाचा परवाना काढावा लागतो, परदेशी लोकांसाठीचे ओळखपत्र घ्यावे लागते आणि त्यांचे नूतनीकरणही करावे लागते. वसतिगृहात जागा नसली तर बाहेरच्या खोलीचे भाडे वर्षाचे आगाऊ. तुमच्या देशातल्या नायजेरियन विद्यार्थ्यांच्या संघटना या गोष्टींविरुद्ध वर्षानुवर्षे अर्जफाटे करत आल्या आहेत.

डॉलरमधल्या शुल्काने काय होते ते सोप्या आकड्यांत मांडतो. समजा एखाद्या अभ्यासक्रमाचे वर्षाचे शुल्क 3,000 डॉलर आहे आणि ते दहा वर्षांत एका डॉलरनेही वाढलेले नाही. 2015 च्या मध्याला एका डॉलरला सरकारी दराने साधारण 200 नायजेरियन नायरा पडत, म्हणजे लागोसच्या पालकाला 6 लाख नायरा लागत. जून 2016 मध्ये नायरा मोकळा सोडला आणि तो घसरला. जून 2023 मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांनी विनिमय दर पुन्हा मोकळा केला, त्याच्या आदल्या दिवसांत डॉलर 460 च्या आसपास होता. तेच शुल्क तेव्हा सुमारे 14 लाख नायरा झाले होते. 2024 च्या सुरुवातीला डॉलर 1,500 ला टेकला आणि पालकाला 45 लाख मोजावे लागले. घानाच्या विद्यापीठाने एक पैसाही वाढवला नाही, तरी पालकाचे ओझे साडेसात पट झाले. त्याचा पगार तेवढ्या पटीने वाढलेला नाही, हे सांगायला नकोच.

आता गंमत पाहा. याच काळात तुमची सेडीही आजारी होती. 2022 मध्ये तिने डॉलरपुढे लोटांगण घातले, डिसेंबरात महागाईचा दर 54 टक्क्यांवर गेला, देशाने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली आणि मे 2023 मध्ये नाणेनिधीकडून 3 अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर करून घ्यावे लागले. म्हणजे दोन दुबळ्या चलनांचे शेजारी आपसातला व्यवहार तिसऱ्याच्या नाण्यात करत होते. हेच शुल्क सेडीत असते, तर नायजेरियन पालकाला घसरणीचा फटका एवढा बसला नसता, कारण त्याच्या चलनाबरोबर तुमचेही उतरत होते. विद्यापीठाला वाटले असेल की डॉलर घेऊन आपण घसरणीपासून बचावलो. प्रत्यक्षात विद्यार्थीच हातचा गेला.

घसरणीची बाकीची कारणे टाळून चालणार नाही. नायजेरियात 1999 मध्ये पहिल्या तीन खासगी विद्यापीठांना परवानगी मिळाली. आज त्यांची संख्या शंभराच्या बरीच पुढे आहे. ज्या मध्यमवर्गीय मुलाला पूर्वी आक्रा गाठावे लागे, त्याला आता इबादान किंवा अबुजाजवळ जागा मिळते. ज्यांच्याकडे अधिक पैसा होता, त्यांच्यासाठी ब्रिटनने 2021 मध्ये पदवीनंतर दोन वर्षे कामाची मुभा देऊन दार उघडले आणि 2021-22 मध्ये तिथे नायजेरियन विद्यार्थ्यांची संख्या 44 हजारांवर गेली. करोनाने तर रस्ताच बंद केला. मार्च 2020 मध्ये तुमच्या सीमा मिटल्या. आक्राचा कोटोका विमानतळ सप्टेंबरात उघडला, पण जमिनीवरच्या सीमा थेट 28 मार्च 2022 ला उघडल्या. विमानाने येणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्याला सहा महिने थांबावे लागले आणि बसने येणाऱ्या टोगोच्या विद्यार्थ्याला दोन वर्षे. विद्यार्थ्यांतही कोण कोणत्या वाटेने येतो यावर त्याची किंमत ठरते, हे त्या दोन वर्षांनी उघडे केले.

तुमच्याच घरातही दाटी झाली. 2017 मध्ये सुरू झालेल्या मोफत माध्यमिक शिक्षणाची पहिली तुकडी 2020 मध्ये बाहेर पडली आणि विद्यापीठांच्या दारात लोंढा आला. आपल्या सरकारने आता पहिल्या वर्षाच्या घानेयन विद्यार्थ्यांचे शुल्क भरण्याची योजना काढली आहे, म्हणजे तो लोंढा ओसरणार नाही. तुमचा आक्षेप मला इथूनच ऐकू येतो: आमच्या पोरांना बसायला बाक नाहीत आणि तुम्ही शेजाऱ्यांची वकिली करता? आक्षेप रास्त आहे. पण दाटी सरकारी विद्यापीठांत आहे. ज्या खासगी विद्यापीठांनी एकेकाळी परदेशी विद्यार्थ्यांच्या जोरावर इमारती बांधल्या, त्यांची खरी चिंता रिकाम्या बाकांची आहे. परदेशी विद्यार्थ्यांचे प्रमाण तिथेच सर्वाधिक होते आणि घसरणीचा घावही तिथेच खोल बसला. सेडीतल्या माफक शुल्कात भरलेला बाक डॉलरमधल्या रिकाम्या बाकापेक्षा केव्हाही बरा.

आता गोष्ट मोजणीची. 2012 च्या सुमारास नायजेरियन वर्तमानपत्रांत घानामध्ये 75 हजार नायजेरियन विद्यार्थी असून ते वर्षाला 160 अब्ज नायरा तिकडे ओततात, असा आकडा फिरत होता. तो भाषणांत गेला, अग्रलेखांत गेला. युनेस्कोकडे गेलेली घानाची अधिकृत संख्या मात्र ऐन भरातही सगळ्या देशांचे मिळून वीस हजारांच्या आतच राहिली. एवढी तफावत का? मान्यता नसलेल्या संस्था, भाषावर्ग, लहान महाविद्यालये यांची नोंद कुठे होते? व्हिसा लागत नाही, म्हणजे सीमेवर विद्यार्थी म्हणून वेगळी खूण राहील याची खात्री काय? फुगवलेल्या आकड्याने दोन्ही बाजूंचे नुकसान केले. नायजेरियात घानाबद्दल असूया वाढली आणि घानामध्ये हे गिऱ्हाईक कधी संपणारच नाही असा भ्रम.

त्यातही विद्यार्थी एकाच प्रकारचे नाहीत. न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठाकडून एका सत्रासाठी आक्राला आलेली मुलगी आणि बेनिन सिटीहून चार वर्षांच्या परिचर्या अभ्यासक्रमाला आलेली मुलगी एकाच रकान्यात मोजली जाते. पहिली येते त्याचे मला कौतुकच आहे. गुलामांच्या व्यापाराचे किल्ले, अखिल आफ्रिकावादाचा वारसा आणि आक्रामध्येच देह ठेवलेले अमेरिकी विचारवंत डू बॉइस यांच्यामुळे त्या मुलांना घाना हवासा वाटतो. पण माहितीपत्रकांवर पहिलीचा फोटो झळकतो आणि तुमच्या विद्यापीठांचे भवितव्य दुसरीवर ठरते. या दोघींची गणती वेगळी व्हायला हवी.

आणखी एक गोष्ट विश्वासार्हतेची. डिसेंबर 2023 मध्ये नायजेरियाच्या एका पत्रकाराने बेनिनमधल्या एका विद्यापीठाची पदवी दोन महिन्यांच्या आत मिळवून दाखवली. जानेवारी 2024 च्या पहिल्याच आठवड्यात नायजेरियाने बेनिन आणि टोगोच्या पदव्यांचे मूल्यमापन थांबवले. पुढे त्या दोन देशांतल्या 22 हजारांहून अधिक पदव्या बोगस असल्याचे तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी सांगितले. या दोन देशांत प्रामाणिकपणे शिकलेली मुलेही त्यात भरडली गेली. त्या आदेशात घानाचे नाव नव्हते, ही तुमची कमाई. मान्यता मंडळ आणि उच्च शिक्षण परिषद एकत्र करून 2020 च्या कायद्याने तुम्ही एकच आयोग उभा केला. त्या आयोगाने अलीकडे मानद डॉक्टरेट आणि प्राध्यापकपद मिरवणाऱ्या राजकारण्यांनाही टोकले. आमच्याकडे असा आयोग मिळाला तर मी त्याला हार घालीन. विश्वासार्हता हेच तुमचे खरे भांडवल आहे, हे या प्रकरणाने दाखवून दिले. ते असताना डॉलरच्या मागे धावायचे कशाला?

घानाला दुसरी रीत येत नाही असे नाही. लेगॉनला 2007 मध्ये पश्चिम आफ्रिकी पीक सुधार केंद्र सुरू झाले. तिथे अनेक आफ्रिकी देशांतले तरुण वनस्पती-प्रजननात पीएचडीसाठी येतात. शिकवणी लेगॉनला आणि शेतातले संशोधन आपापल्या देशात, ज्वारी, चवळी, कसावा, मका अशा तिथल्याच पिकांवर. म्हणून पदवी घेतल्यावर घरी परतण्याची ओढ आपोआप राहते. 2014 पासून जागतिक बँकेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या उत्कृष्टता केंद्रांची अट तर अशी की शेजारी देशांचे विद्यार्थी घेतले तर केंद्राला स्थानिक विद्यार्थ्यापेक्षा जास्त निधी मिळावा. ज्या ठिकाणी शेजारी हा उत्पन्नाचा स्रोत न राहता उद्दिष्ट झाला, तिथे तो आला, टिकला आणि काही तरी घेऊन घरी गेला. बेरेकुसोच्या टेकडीवरचे अशेसी विद्यापीठ पाहा. आफ्रिकेच्या अनेक देशांतली मुले तिथे शिष्यवृत्तीवर शिकतात. दार कुणासाठी उघडायचे हे आधी ठरवले, पैसा त्याप्रमाणे शोधला.

आणखी एक उदाहरण लेगॉनचेच आहे आणि त्याचे एक भावंड आमच्या मुंबईत आहे. संयुक्त राष्ट्रांनी लोकसंख्याशास्त्राच्या शिक्षणासाठी विभागवार केंद्रे काढली. आशियासाठीचे 1956 मध्ये मुंबईत सुरू झाले. देवनारची आजची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती हीच. आफ्रिकेच्या इंग्रजी भाषक देशांसाठीचे 1972 मध्ये लेगॉनला निघाले. नेपाळ, श्रीलंका, व्हिएतनामपासून किती तरी देशांच्या जनगणना खात्यांत देवनारला शिकलेली माणसे पोचली. आफ्रिकेत तेच काम लेगॉनने केले. त्या दोन्ही संस्थांत शेजारी देशाचा विद्यार्थी पाहुणा नव्हता. संस्था निघाली होती तीच त्याच्यासाठी.

आता मागण्या. चारच आहेत.

पहिली, एकोवास देशांच्या विद्यार्थ्याला स्थानिक विद्यार्थ्याच्या शुल्कात, किंवा त्याहून थोड्या जास्त पण सेडीत ठरवलेल्या शुल्कात प्रवेश द्यावा, आणि ते शुल्क अभ्यासक्रम संपेपर्यंत बदलू नये. हे जगावेगळे नाही. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांच्या विकास समुदायाने 1997 च्या शिक्षण करारात सदस्य देशांच्या विद्यार्थ्यांसाठी किमान पाच टक्के जागा आणि कालांतराने घरच्यासारखे शुल्क असे मान्य केले. तुमच्या शेजारच्या फ्रेंच भाषक देशांच्या आर्थिक संघाने 2005 मध्ये सदस्य देशांच्या विद्यार्थ्यांना समान वागणूक देण्याचा आदेश काढला. इंग्रजी भाषक मोठा भाऊ म्हणवणाऱ्या घानाने मागे का राहावे? पैसा कुठून येईल म्हणाल, तर एकोवास बाहेरून येणाऱ्या मालावर अर्धा टक्का कर गोळा करतेच. त्यातला काही वाटा विद्यार्थ्यांकडे वळवा, असा प्रस्ताव घानानेच मांडावा.

दुसरी, परदेशी विद्यार्थ्यांची गणती दरवर्षी उघड करावी. देश, संस्था, अभ्यासक्रम, पूर्ण पदवीसाठी की एका सत्रासाठी, किती आले आणि किती पदवी घेऊन गेले, असे सगळे. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. त्याबद्दल कुणी बोलत नाही.

तिसरी, विद्यार्थ्याचे प्रवेशपत्र हाच त्याचा निवासाचा परवाना आणि ओळखीचा पुरावा मानावा, अभ्यासक्रमाइतक्या मुदतीसाठी. विद्यापीठाने नोंद करावी, गृह खात्याने ती उचलावी. वर्षाला डॉलर भरून रांगेत उभे राहण्याचा जाच संपवावा.

चौथी, मान्यताप्राप्त संस्थांची यादी इंग्रजीबरोबर फ्रेंचमध्येही ठेवावी आणि ती शेजारी देशांच्या शाळांपर्यंत पोचवावी. लोमे किंवा वागाडुगूच्या मुलाला दलालावाचून खरे कॉलेज कोणते हे कळले पाहिजे. जानेवारी 2025 मध्ये बुर्किना फासो, माली आणि नायजर एकोवासमधून बाहेर पडले आहेत, म्हणून तर हे अधिक गरजेचे. राज्यकर्त्यांनी तोडलेला धागा विद्यार्थी धरून ठेवू शकतात. त्या तीन देशांच्या मुलांनाही पहिल्या मागणीतली सवलत द्यावी, अशी मी भर घालतो.

जुलै 2025 मध्ये आक्राच्या रस्त्यांवर नायजेरियन लोकांनी निघून जावे अशा घोषणा झाल्या. आपल्या सरकारने त्या भावनेला खतपाणी घातले नाही, शेजाऱ्यांना आश्वस्त केले, हे चांगले झाले. पण आश्वासनाने फार काळ भागत नाही. सोबत शिकलेली माणसे लागतात. उद्या अबुजाच्या मंत्रालयात आणि आक्राच्या मंत्रालयात कुमासीच्या एकाच वर्गात बसलेले दोघे असतील, तर 1969 आणि 1983 पुन्हा घडवणे कठीण जाईल.

आणि हाच प्रवाह तुमच्या घरातून बाहेरही वाहतो आहे. 2023-24 मध्ये अमेरिकेत 9,394 घानेयन विद्यार्थी होते, आधीच्या वर्षापेक्षा 45 टक्क्यांनी जास्त. ती मुले तिथे डॉलर भरतात, व्हिसाच्या नियमांचे चटके सोसतात आणि तुमचे सरकार त्यांच्यासाठी शब्द टाकते. तो शब्द घानात आलेल्या परदेशी मुलांसाठीही टाकला, तर त्याला वजन येईल.

मंत्रीमहोदय, एवढे सांगणाऱ्याने स्वतःच्या घराकडे पाहायला हवे. भारताने 2018 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांना बोलावण्याची योजना काढली आणि 2023 पर्यंत दोन लाख विद्यार्थ्यांचे लक्ष्य ठेवले. 2019-20 मध्ये आमच्याकडे 49,348 परदेशी विद्यार्थी होते. 2021-22 मध्ये 46,878. म्हणजे लक्ष्य राहिले बाजूला, होते तेही कमी झाले. त्यातही जवळपास 28 टक्के एकट्या नेपाळचे. आमच्या पुण्यात 1970-80 च्या दशकांत इराण आणि आफ्रिकेतल्या मुलांनी कॉलेजे गजबजलेली असत. आज आफ्रिकी विद्यार्थ्याला भाड्याने खोली देताना मालक काय काय प्रश्न विचारतो, हे पुणेकरांना ठाऊक आहे. आमच्या काही विद्यापीठांत सार्क देशांसाठी कमी दर आहेत, पण पदवीसाठी आलेल्या आफ्रिकी मुलाला आम्हीही डॉलरमधलाच आकडा दाखवतो. पंतप्रधान मोदी जुलै 2025 मध्ये आक्राला आले तेव्हा घानाच्या तरुणांसाठीच्या शिष्यवृत्त्या दुप्पट करण्याची घोषणा झाली. त्या शिष्यवृत्तीवर कुणी पुण्याला आला, तर त्याला खोली मिळेल याची हमी मात्र कुठल्याच घोषणेत नव्हती.

म्हणून हे पत्र जेवढे आपल्याला आहे तेवढेच आमच्या कुलगुरूंना आणि आमच्या उच्च शिक्षण खात्यालाही आहे. परदेशी विद्यार्थ्यांची संख्या वाढवायची म्हणून जाहिराती, मेळावे आणि मानांकने यांवर खर्च करणे सोपे. शुल्क कोणत्या नाण्यात मागायचे, खोली कोण देणार, पदवी पूर्ण होते की नाही हे कोण पाहणार, हे अवघड प्रश्न आहेत आणि संख्या वाढते ती त्यांची उत्तरे दिल्यावरच.

आपल्याकडे आमच्यापेक्षा एक गोष्ट जास्त आहे. परीक्षा एक, सीमा मोकळी, भाषा एक आणि भरवशाचा मान्यता आयोग, हे सगळे एकाच जागी जमून आलेले आहे. एवढे सामान दक्षिण आशियाकडे नाही. पुढच्या प्रवेशाच्या जाहिरातीत एकोवास विद्यार्थ्यांसाठी सेडीत आकडा छापा. एका वर्षात लेगॉन आणि कुमासीला किती अर्ज येतात ते पाहा. अर्ज वाढले तर आमच्या मंत्र्यांना तो कागद पाठवा. आम्हाला त्याची गरज तुमच्यापेक्षा जास्त आहे.

आपला नम्र,
महाराष्ट्रातला एक शिक्षण-वार्ताहर